इटालियन सिनेमा, साल १९६०: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या छोट्या चित्रपट मंडळात आम्ही एखाद्या देशाचं एकच वर्ष निवडतो आणि त्या वर्षाचे मिळतील तेवढे चित्रपट एकापाठोपाठ एक बघतो. इटलीचं १९६० घेतलं आणि प्रश्नांची रीघ लागली. खेळ संपल्यावर जिन्यात उभ्या उभ्या, रात्री उशिरा फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर. तेच तेच प्रश्न पुन्हा यायला लागले तसे ते मी वहीत टिपत गेले. त्यांतले नेहमीचे इथे उत्तरांसह देते आहे. ज्या उत्तरात चित्रपटाचा शेवट उघड होतो, तिथे सुरुवातीलाच तसं सांगितलं आहे.

१. इतक्या वर्षांमधून नेमकं १९६०च का?

कारण या एका वर्षात इटलीचा सिनेमा दोन दिशांना बघत होता. समोर नवी श्रीमंती होती. युद्धात बेचिराख झालेला देश दहा-पंधरा वर्षांत स्कूटर, मोटारी, टीव्ही आणि नव्या फ्लॅटांचा झाला. तिथले लोक या काळाला ‘बूम’ म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोमला ऑलिंपिक झालं. मागे मात्र फॅसिझम आणि १९४३ ते १९४५ ही जर्मन ताब्याची आणि आपसातल्या लढाईची वर्षं होती, ज्यांचा हिशेब कुणी मोकळेपणाने मांडला नव्हता. त्याच उन्हाळ्यात नवफॅसिस्टांच्या पाठिंब्यावर उभं राहिलेलं ताम्ब्रोनी सरकार, जेनोआपासून पेटलेल्या निदर्शनांनंतर पडलं. म्हणजे जखम वरून सुकलेली, आतून ओली.

या दोन्ही गोष्टींचे चित्रपट त्या वर्षी एकाच शहरात, शेजारशेजारच्या थिएटरांत चालू होते. रोमच्या रंगेल रात्रींवरचा चित्रपट आणि बॉम्बहल्ल्यांतून पळणाऱ्या आई-मुलीचा चित्रपट ही एकाच पिढीची गोष्ट आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून दोन-तीन गाजलेले चित्रपट सुटे बघण्यापेक्षा सबंध वर्ष बघा, असा माझा आग्रह असतो.

२. त्या वर्षीचे महत्त्वाचे चित्रपट कोणते?

तीन नावं सगळ्यांना ठाऊक असतात: फेदेरिको फेलिनीचा ‘ला दोल्चे व्हीता’, मिकेलांजेलो अन्तोनिओनीचा ‘लाव्हेन्तूरा’ आणि लुकिनो व्हिस्कोन्तीचा ‘रोक्को आणि त्याचे भाऊ’. चौथा व्हित्तोरिओ दे सिकाचा ‘ला चोचारा’, जो सोफिया लॉरेनमुळे जगभर गेला.

पण वर्ष इथे संपत नाही. रोबेर्तो रोसेलिनीचा ‘एरा नोत्ते आ रोमा’, लुईजी कोमेन्चीनीचा ‘तुत्ती आ कासा’, फ्लोरेस्तानो व्हान्चीनीचा ‘ला लुंगा नोत्ते देल ४३’, जिल्लो पोन्तेकोर्व्होचा ‘कापो’, माउरो बोलोन्यीनीचा ‘इल बेल्लान्तोनिओ’, आन्तोनिओ पिएत्रांजेलीचा ‘आदुआ ए ले कोम्पान्ये’, मारिओ मोनिचेल्लीचा ‘रिझाते दि जोया’, लुईजी झाम्पाचा ‘इल व्हिजिले’ आणि मारिओ बाव्हाचा भयपट ‘ला मास्केरा देल देमोनिओ’ हे सगळे याच वर्षाचे. माझ्या मते यांतले ‘तुत्ती आ कासा’ आणि ‘आदुआ’ हे दोन पहिल्या चारांच्या पंक्तीत बसवण्याजोगे आहेत.

३. मी एकही जुना इटालियन चित्रपट पाहिलेला नाही. सुरुवात कुठून करू?

‘ला चोचारा’पासून. गोष्ट सरळ आहे, लांबी पावणेदोन तासांच्या आत आहे आणि सोफिया लॉरेन पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला हाताला धरून आत नेते. मग ‘तुत्ती आ कासा’, त्यानंतर ‘रोक्को’. ‘ला दोल्चे व्हीता’ चौथा आणि ‘लाव्हेन्तूरा’ सगळ्यांत शेवटी. उलट्या क्रमाने सुरुवात केलेले आमचे दोन सभासद मध्यंतरातच घरी गेले, ते महिनाभर आले नाहीत. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ‘लाव्हेन्तूरा’ बघायला डोळ्यांना थोडी सवय लागते.

४. एकाच चित्रपटाची तीन-तीन नावं का दिसतात? खरं नाव कोणतं धरायचं?

परदेशी वितरक आपापल्या बाजारासाठी नवं नाव ठेवत. ‘ला चोचारा’ म्हणजे चोचारिया भागातली बाई. रोमच्या आग्नेयेचा हा डोंगराळ मुलूख इटलीबाहेर कुणाला माहीत नव्हता, म्हणून इंग्रजीत त्याचं ‘टू विमेन’ झालं. बाव्हाचा भयपट अमेरिकेत ‘ब्लॅक संडे’ म्हणून लागला. ‘तुत्ती आ कासा’ (सगळे घरी चला) इंग्रजीत ‘एव्हरीबडी गो होम’ झाला. शोधताना मूळ इटालियन नाव आणि दिग्दर्शकाचं नाव एकत्र टाका, म्हणजे घोटाळा होत नाही. ‘ला दोल्चे व्हीता’ (गोड आयुष्य) आणि ‘लाव्हेन्तूरा’ (साहस, शिवाय क्षणिक प्रेमप्रकरण असाही अर्थ) यांची नावं मात्र जगभर इटालियनच राहिली.

५. ‘ला दोल्चे व्हीता’ला गोष्टच नाही. मग तीन तास बघायचं तरी काय?

गोष्ट आहे, पण ती एका धाग्याने पुढे सरकत नाही. मार्चेल्लो हा गावाकडून रोमला आलेला, लेखक होण्याची इच्छा असलेला आणि पोटासाठी भानगडींच्या बातम्या लिहिणारा पत्रकार. चित्रपट त्याच्या रात्रींचा आणि पहाटेंचा बनला आहे. दर रात्री काहीतरी मोठं घडेल असं वाटतं, आणि उजाडलं की हाती काही उरत नाही. हा आकार एकदा ध्यानात आला की १७४ मिनिटं जड जात नाहीत.

एक धागा मी सगळ्यांना पकडायला सांगते. (यात शेवट उघड होतो.) समुद्रकाठच्या एका साध्या खानावळीत मार्चेल्लो टाइपरायटर घेऊन लिहायला बसलेला असतो. तिथे काम करणारी लहानशी मुलगी, पाओला, आसपास वावरत असते. उंब्रियातल्या चर्चमधल्या देवदूतांसारखी दिसतेस, असं तो तिला म्हणतो. शेवटच्या पहाटे, रात्रभराच्या बेबंद मेजवानीनंतर, तो पुन्हा समुद्रावर असतो. कोळ्यांनी एक अजस्र मेलेला मासा ओढून आणलेला असतो. पलीकडे, पाण्याच्या छोट्या पट्ट्याच्या पल्याड, तीच मुलगी त्याला हाका मारते, हातांनी टाइप करण्याची खूण करते. लाटांच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नाही. तो खांदे उडवतो आणि वळून जातो. ती मात्र हसत बघत राहते. ते हसू बघण्यासाठी तीन तास द्यावेत.

६. ‘ला दोल्चे व्हीता’तला कारंज्यातला प्रसंग खऱ्या कारंज्यात घेतलाय का? आणि ती रात्रीची झगमगती गल्ली?

कारंजं खरं, रोमचं त्रेव्हीच. चित्रीकरण १९५९ मधलं, थंडीच्या रात्रीचं. परदेशी नटीची भूमिका करणारी अनिता एकबर्ग गार पाण्यात निवांत उभी राहिली. नायक झालेल्या मार्चेल्लो मास्त्रोयान्नीने कपड्यांच्या आत पाणबुड्यांचा रबरी पोशाख घातला होता, तरी तो कुडकुडत होता.

गल्ली मात्र बनावट. व्हिया व्हेनेतोवर रोज रात्री चित्रीकरण करणं अशक्य, म्हणून पिएरो गेरार्दीने ती चिनेचित्ता स्टुडिओत उभारली. खरी व्हिया व्हेनेतो चढणीची आहे, सेटवरची सपाट. एकदा हे कळलं की तो फरक डोळ्यांना दिसतो. वेशभूषाही गेरार्दीचीच होती आणि तिला ऑस्कर मिळालं.

७. ‘पापाराझी’ हा शब्द याच चित्रपटातून आला, हे खरं का?

खरं आहे. मार्चेल्लोबरोबर फिरणाऱ्या छायाचित्रकाराचं आडनाव पापाराझ्झो, आणि त्याचं अनेकवचन पापाराझ्झी. व्हिया व्हेनेतोवर नटनट्यांच्या मागे स्कूटरवरून धावणारे तात्सिओ सेक्यारोलीसारखे छायाचित्रकार फेलिनीच्या डोळ्यांसमोर होते.

८. यात आज धक्कादायक असं काहीच नाही. मग तेव्हा एवढा गदारोळ कशावरून झाला?

अंगप्रदर्शनावरून कमी, आरशावरून जास्त. सरदार घराण्यातली माणसं, चर्च, बुद्धिवंत, चित्रपटसृष्टी, सगळ्यांना आपण त्यात दिसत होतो. ५ फेब्रुवारी १९६० ला मिलानच्या कापितोल थिएटरात पहिला खेळ झाला तेव्हा फेलिनीला शिव्या पडल्या, एकजण त्याच्यावर थुंकला. व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्व्हातोरे रोमानो’ या दैनिकाने चित्रपटाविरुद्ध मोहीमच उघडली, संसदेत वाद झाला. मिलानच्या काही जेझुइट पाद्रींनी मात्र चित्रपटाची बाजू घेतली, आणि त्याची किंमत त्यांना आपल्याच वरिष्ठांकडून मोजावी लागली. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. चित्रपटात पोकळ आयुष्याचं कौतुक नाही, त्याचं दुःख आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

या सगळ्याचा परिणाम असा झाला की लोक रांगा लावून आले, आणि त्या मोसमात इटलीत सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट हाच ठरला. मेमध्ये कान महोत्सवात त्याला सुवर्ण पाम हे पहिलं पारितोषिक मिळालं. परीक्षकांचा अध्यक्ष होता रहस्यकथाकार जॉर्ज सिमेनाँ.

९. ‘लाव्हेन्तूरा’मध्ये हरवलेली मुलगी शेवटपर्यंत सापडत नाही. आमची प्रत अपुरी आहे का?

(शेवट उघड होतो.) प्रत पूर्ण आहे. आन्ना सापडत नाही. ती बुडाली, पळाली की लपली, हे चित्रपट सांगत नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा आला आहे, आणि दर वेळी विचारणाऱ्याच्या आवाजात फसवणूक झाल्याची चीड असते. ती चीड रास्त आहे. अर्धा चित्रपट आपण तिच्या शोधात घालवलेला असतो.

पण जरा मागे जाऊन बघा, तिचा शोध नेमका कधी थांबतो? ते तुम्हाला सांगता येणार नाही. आन्नाचा प्रियकर सान्द्रो आणि मैत्रीण क्लाउदिया तिला शोधायला निघतात आणि शोधता शोधता एकमेकांत गुंततात. मग एका क्षणी क्लाउदियाला भीती वाटू लागते, आन्ना जिवंत सापडली तर? चित्रपटाचा गाभा तिथे आहे. माणूस माणसाला किती पटकन विसरतो, ते तो आपल्याकडूनच करवून घेतो. पाऊण तासानंतर आपणही आन्नाला विसरलेलो असतो.

शेवटचा प्रसंग सावकाश बघा. ताओर्मिनाच्या हॉटेलबाहेर, पहाटे, सान्द्रो बाकावर बसून रडतो आहे. आदल्या रात्री त्याने क्लाउदियालाही फसवलं आहे. ती मागे येऊन उभी राहते. तिचा हात उठतो, थबकतो, आणि त्याच्या डोक्यावर मागून टेकतो. पडद्याच्या एका बाजूला कोरी भिंत, दुसऱ्या बाजूला दूरवर एट्ना ज्वालामुखी. एवढंच. क्लाउदिया झालेल्या मोनिका व्हित्तीचा तो थबकलेला हात मी किती वेळा पाहिला असेन, ती क्षमा आहे की कीव, हे माझं दर वेळी वेगळं ठरतं.

१०. कानमध्ये ‘लाव्हेन्तूरा’ची हुर्यो उडाली म्हणतात, आणि बक्षीसही मिळालं म्हणतात. दोन्ही कसं?

दोन्ही खरं. पहिल्या खेळाला प्रेक्षक हसले, शिट्ट्या झाल्या, लांबलेल्या दृश्यांना ‘कट!’ म्हणून ओरडले. व्हित्तीला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी रोसेलिनीसह अनेक चित्रपटकर्त्यांनी आणि समीक्षकांनी चित्रपटाच्या बाजूने सह्यांचं पत्रक काढलं. महोत्सवाअखेर परीक्षकांचं विशेष पारितोषिक त्याला मिळालं, जपानच्या कोन इचिकावाच्या चित्रपटाबरोबर विभागून. दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात ‘लाव्हेन्तूरा’ दुसऱ्या क्रमांकावर होता.

चित्रपट पुरा झाला हेच नवल. लिस्का ब्यान्का या सिसिलीजवळच्या निर्मनुष्य खडकाळ बेटावर चित्रीकरण चालू असताना निर्मितीसंस्था बुडाली. पैसे थांबले, माणसं गेली, समुद्र खवळला की उरलेले बेटावर अडकायचे. नवा निर्माता मिळेपर्यंत अन्तोनिओनीने ते तसंच रेटलं.

११. ‘रोक्को’ ही कुटुंबकथा आहे की मुष्टियुद्धाची?

कुटुंबाची, आणि त्याहून जास्त शहराची. इटलीच्या दक्षिणेतल्या लुकानिया भागातली विधवा रोझारिया चार मुलांना घेऊन मिलानला रेल्वेने उतरते. थोरला आधीच तिथे आहे. पाच भाऊ, पाच भाग, प्रत्येक भागाला एकेका भावाचं नाव: व्हिन्चेन्झो, सिमोने, रोक्को, चिरो, लुका. मुष्टियुद्ध हा गरिबाला शहरात वर चढायचा एक जिना, म्हणून ते येतं. चिरो दुसरा जिना निवडतो, रात्रशाळा आणि आल्फा रोमेओचा कारखाना.

माझा आवडता प्रसंग सुरुवातीचा आहे. तळघरातल्या खोलीत सगळी भावंडं दाटीवाटीने झोपलेली. पहाटे आई खिडकीतून बघते तर बाहेर बर्फ. तिला आनंद होतो, कारण बर्फ म्हणजे रस्ते साफ करायचं काम, म्हणजे रोजंदारी. ती एकेकाला हलवून उठवते. मुलं डोळे चोळत, एकमेकांना ढकलत, मिळेल ते अंगावर चढवून अंधारात बाहेर पडतात. या चित्रपटातलं पुढचं सगळं क्रौर्य सोसायचं बळ मला त्या पहाटेने दिलं.

१२. ‘रोक्को’च्या वेगवेगळ्या प्रतींची लांबी वेगवेगळी का? आणि मधेच पडदा अंधारा का होतो?

सेन्सॉरमुळे. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. पहिलं पारितोषिक, सुवर्णसिंह, आंद्रे कायातच्या फ्रेंच चित्रपटाला गेला, तेव्हा सभागृहात मोठा आरडाओरडा झाला. पुढे मिलानच्या सरकारी वकिलांनी सिमोने आणि रोक्को या दोघांच्या प्रेमात अडकलेल्या नादियावरच्या बलात्काराचं आणि तिच्या खुनाचं दृश्य कापायला सांगितलं. व्हिस्कोन्ती कापायला तयार होईना. तडजोड अशी निघाली की त्या दृश्यांवर काळोख करायचा. लोक आवाज ऐकत होते आणि पडद्यावर काहीच दिसत नव्हतं.

आमच्याकडे वर्षांपूर्वी एका संस्थेकडून आलेली प्रत अशीच काळवंडलेली होती. खून झाला हे अर्ध्या प्रेक्षकांना कळलंच नाही. २०१५ मध्ये बोलोन्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या पुढाकाराने जी जवळपास तीन तासांची दुरुस्त प्रत तयार झाली, तीच मिळवून बघा. नादियाच्या भूमिकेतली अ‍ॅनी जिरार्दो तिच्यातच पूर्ण दिसते.

या खुनाच्या दृश्याची आणखी एक हकिगत. कथेत ते मिलानच्या इद्रोस्कालो या तलावाकाठी घडतं. तिथल्या प्रांतिक प्रशासनाने परवानगी नाकारली, म्हणून ते रोमच्या दक्षिणेला फोल्यानो तळ्यावर चित्रित झालं.

१३. युद्ध संपून पंधरा वर्षं झाल्यावर एकदम इतके युद्धपट कुठून आले?

बांध १९५९ मध्ये फुटला. त्या वर्षी रोसेलिनी आणि मोनिचेल्ली यांच्या दोन युद्धपटांना व्हेनिसचा सुवर्णसिंह विभागून मिळाला, दोन्ही चालले, आणि निर्मात्यांची भीती गेली. पण १९६० चे चित्रपट शौर्याचे नाहीत. बहुतेक सगळे ८ सप्टेंबर १९४३ या तारखेभोवती फिरतात. त्या दिवशी इटलीचा दोस्त राष्ट्रांशी युद्धविराम जाहीर झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे राजा आणि सरकार रोम सोडून गेले, आणि सैन्याला कुणी काही हुकूमच दिले नाहीत.

‘तुत्ती आ कासा’मध्ये अल्बेर्तो सोर्दी हा असाच एक लेफ्टनंट. कालचे मित्र जर्मन आज आपल्यावर गोळ्या झाडताहेत हे बघून तो वरिष्ठांना फोनवर कळवतो की जर्मनांनी अमेरिकनांशी हातमिळवणी केली आहे! प्रेक्षक खो खो हसतात. दीड तासाने, नेपल्सच्या रस्त्यावर, त्याच माणसाला शेवटी बाजू निवडावी लागते तेव्हा कुणी हसत नाही. विनोदाकडून शोकाकडे इतक्या अलगद नेणारा दुसरा चित्रपट त्या वर्षी नाही.

‘ला लुंगा नोत्ते देल ४३’ फेर्रारा शहरातला. नोव्हेंबर १९४३ मध्ये तिथल्या किल्ल्याजवळ फॅसिस्टांनी ११ जणांना गोळ्या घातल्या, त्यावर जॉर्जो बास्सानीने कथा लिहिली आणि तिच्यावरून व्हान्चीनीने आपला पहिला चित्रपट केला. खिडकीत बसून राहणारा अपंग औषधवाला सगळं बघतो आणि बोलत नाही. इथे मारणारे जर्मन नाहीत, शेजारी आहेत, म्हणून तो जास्त लागतो.

१४. सोफिया लॉरेनचं ऑस्कर १९६१ चं की १९६२ चं? चित्रपट तर १९६० चा म्हणता.

तिन्ही आकडे बरोबर. ‘ला चोचारा’ इटलीत डिसेंबर १९६० मध्ये लागला. अमेरिकेत १९६१ मध्ये. म्हणून पुरस्कार १९६१ च्या कामाचा, आणि सोहळा एप्रिल १९६२ चा. परभाषेतल्या भूमिकेसाठी अभिनयाचं ऑस्कर मिळण्याची ती पहिलीच वेळ. वर्ष ठरवायचा आमचा नियम प्रश्न १९ मध्ये आहे.

मूळ बेत वेगळा होता. आईची भूमिका आन्ना मान्यानीने करायची आणि लॉरेनने तिची मुलगी व्हायचं. मान्यानीने नकार दिला. मग पंचविशीतली लॉरेनच आई झाली, आणि अल्बेर्तो मोराव्हियाच्या कादंबरीतली १८ वर्षांची रोझेत्ता पडद्यावर बारा-तेरा वर्षांची झाली. या बदलाने सबंध चित्रपटाचा भार वाढला.

(शेवट उघड होतो.) छत उडालेल्या चर्चमध्ये दोघींवर दोस्त सैन्यातल्या मोरोक्कन सैनिकांकडून बलात्कार होतो. त्यानंतर मुलगी दगडासारखी होते. एका रात्री ती एका ट्रकवाल्याबरोबर जाते आणि नायलॉनचे मोजे घेऊन परत येते. आई तिला मारते, ती ढिम्म. मग आई सांगते, मिकेले, दोघींना जिव्हाळा लावलेला तो तरुण, मेला. तेव्हा कुठे मुलगी लहान पोरीसारखी रडू लागते. मेकअप नाही, विस्कटलेले केस, आणि लॉरेनचा चेहरा.

१५. नटांच्या ओठांशी आवाज जुळत नाही. आमच्याकडे लावताना काही चुकतं का?

नाही. त्या काळात इटलीत बहुतेक चित्रपट चित्रीकरणाच्या वेळी आवाज न घेता होत आणि सगळं बोलणं नंतर स्टुडिओत भरलं जाई. त्यामुळे निरनिराळ्या देशांचे नट आपापल्या भाषेत बोलू शकत. फेलिनी तर कधी कधी संवादांऐवजी आकडे म्हणायला लावी. ‘रोक्को’मध्ये अ‍ॅलाँ दलाँ आणि जिरार्दो फ्रेंच, आई झालेली कातिना पाक्सिनू ग्रीक, इटालियन प्रतीत आवाज दुसऱ्यांचे. क्लाउदिया कार्दिनाले ट्युनिसमध्ये फ्रेंच बोलत वाढली, म्हणून तिलाही तेव्हा दुसरीचा आवाज असे. तिचा स्वतःचा घोगरा आवाज फेलिनीने १९६३ मध्ये प्रथम ऐकवला.

तरीही बघताना इटालियन आवाजच निवडा, इंग्रजी डबिंग नको. ‘रोक्को’त दक्षिणेचा आणि मिलानचा लहेजा वेगळा आहे, इंग्रजीत तो पुसला जातो.

१६. हे सगळं फार गंभीर झालं. त्या वर्षी साधी करमणूक नव्हती का?

भरपूर होती. सोर्दी ‘इल व्हिजिले’मध्ये मोटारसायकलवाला वाहतूक पोलीस आहे आणि महापौर झाला आहे खुद्द दे सिका. ‘रिझाते दि जोया’त मान्यानी आणि तोतो, दोन थकलेले एक्स्ट्रा कलाकार, नववर्षाच्या रात्री रोमभर भटकतात. या दोघांनी मिळून केलेला चित्रपट हा एवढाच, नक्की बघा.

शिवाय हर्क्युलीस आणि माचिस्ते या बलदंड नायकांचे पौराणिक मारामारीपट. १९५८ मध्ये स्टीव्ह रीव्ह्जचा हर्क्युलीस जगभर चालला आणि पिळदार दंडांची लाटच आली. हे मी चवीपुरते बघते.

बाव्हाचा ‘ला मास्केरा देल देमोनिओ’ मात्र आवर्जून. गोगोलच्या कथेचा दूरचा आधार, कॅमेरा बाव्हाचाच, आणि बार्बरा स्टीलचे ते डोळे. खिळ्यांचा मुखवटा चेहऱ्यावर ठोकण्याचं दृश्य सुरुवातीलाच आहे, आधी सांगून ठेवते. ब्रिटनमध्ये हा चित्रपट १९६८ पर्यंत बंद होता. इटलीत त्याची फार दखल घेतली गेली नाही. पैसा आणि नाव बाहेरून आलं.

१७. हे चित्रपट मुलांबरोबर बघता येतील का?

‘इल व्हिजिले’ बिनघोर. ‘तुत्ती आ कासा’ बारा-तेरा वर्षांपुढे. ‘ला चोचारा’, ‘रोक्को’, नाझी छळछावणीवरचा ‘कापो’ आणि बाव्हाचा भयपट लहान मुलांना दाखवू नका. ‘ला दोल्चे व्हीता’ला तेव्हा इटलीत १६ वर्षांखालच्यांना बंदी होती. १४ आणि १८ अशा पायऱ्या १९६२ च्या कायद्याने आल्या.

१८. या वर्षाचा आपल्याकडच्या सिनेमाशी काही संबंध आहे का?

ओढूनताणून नको, पण खरे धागे आहेत. मे १९६० च्या ज्या कान महोत्सवात ‘ला दोल्चे व्हीता’ आणि ‘लाव्हेन्तूरा’ होते, त्याच स्पर्धेत बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ होता, म्हणजे आपली नूतन होती. १९६० मध्येच पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्याआधी १९५२ च्या मुंबईतल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाने दे सिका आणि रोसेलिनी इथल्या चित्रपटकर्त्यांना दाखवले होते, आणि १९५७ मध्ये रोसेलिनी स्वतः भारतात चित्रीकरण करत होता.

१९. एखादा चित्रपट १९६० चा आहे हे कशावरून ठरवता? प्रत्येक यादीत वेगळं वर्ष दिसतं.

आम्ही पहिल्या जाहीर खेळाची तारीख धरतो, मग तो महोत्सवातला का असेना. ‘ला दोल्चे व्हीता’चं चित्रीकरण १९५९ चं, पण खेळ फेब्रुवारी १९६० चा, म्हणून तो इथे. ‘ला चोचारा’ वर्ष संपता संपता आत आला. अन्तोनिओनीचा ‘ला नोत्ते’ आणि पासोलिनीचा ‘अक्कात्तोने’ १९६१ चे, त्यामुळे बाहेर. पासोलिनी लेखक म्हणून मात्र १९६० मध्ये आहे: ‘इल बेल्लान्तोनिओ’ आणि ‘ला लुंगा नोत्ते’ या दोन्हींच्या पटकथेत त्याचा हात होता.

२०. ‘रोक्को’त फ्रेंच नट, फ्रेंच पैसा. मग तो इटालियन कसा? आणि दलाँचाच इटलीत घडणारा तो खुनाचा चित्रपट तुमच्या यादीत का नाही?

त्या काळात इटली आणि फ्रान्स यांच्यात सहनिर्मितीचे करार होते. दोन्हीकडचे निर्माते खर्च वाटून घेत, दोन्हीकडे चित्रपट स्वदेशी धरला जाई, आणि त्या बदल्यात दोन्हीकडचे कलाकार घ्यावे लागत. ‘ला दोल्चे व्हीता’, ‘लाव्हेन्तूरा’, ‘रोक्को’, तिन्ही या अर्थी इटालियन-फ्रेंच आहेत. मुख्य निर्माता, दिग्दर्शक आणि भाषा इटालियन, म्हणून आम्ही त्यांना इटालियन धरतो.

तुम्ही विचारता तो रने क्लेमाँचा ‘प्लें सोलेय’. १९६० चा, सहनिर्मिती, चित्रीकरण इटलीत, संगीत ‘रोक्को’ आणि ‘ला दोल्चे व्हीता’ला संगीत देणाऱ्या निनो रोताचं. पण दिग्दर्शक फ्रेंच आणि बोलणं फ्रेंच. यादीबाहेर ठेवला आहे, तरी ‘रोक्को’च्या आदल्या आठवड्यात आम्ही तो दाखवतो. त्यातला गोडवा पांघरलेला थंड खुनी आणि ‘रोक्को’तला सगळ्यांचे अपराध पोटात घालणारा भाऊ हा एकच चेहरा आहे, आणि दोन्ही चित्रपट एकाच वर्षाचे आहेत.